शनिवारी रात्री बेकरीच्या इलेक्ट्रिक गाडीत मुक्काम (नागपूर)

खारीवाला · १२ मार्च

नमस्कार मंडळी. महालात आमची छोटी बेकरी आहे. दीड वर्षापूर्वी माल पोचवायला टाटाची एस ईव्ही घेतली, मागे बंद पेटीवाली. सोमवार ते शनिवार खारी, टोस्ट, नानकटाई. इतवारीपासून मनीषनगरपर्यंत रोजचे चाळीसेक किलोमीटर होतात. रविवारी गाडी अंगणात उभी असते आणि मी चहा पीत तिच्याकडे पाहत बसतो.

विचार असा आहे, की शनिवारी संध्याकाळी ट्रे उतरवायचे, गादी चढवायची आणि बायकोला घेऊन रामटेक, खिंडसी, उमरेड असं कुठेतरी राहायचं. हॉटेलचे पैसे वाचावेत म्हणून नाही (वाचले तर नको म्हणणार नाही). आम्ही दोघं पंचवीस वर्षं पहाटे चारला उठतो ते भट्टीसाठी. सकाळ अशी पाहिलीच नाही.

पेटी आतून मोजली. लांबी सात फूट एक इंच, रुंदी चार फूट दहा इंच, उंची सहा फुटांपेक्षा बोटभर जास्त, म्हणजे मी आत ताठ उभा राहतो. बॅटरी २१.३ किलोवॅट-अवरची. कंपनी १५४ किलोमीटर म्हणते, मला मालासकट ११०-११५ मिळतात. माल ६०० किलोपर्यंत चालतो.

आता सांगा, छोटा एसी कोणता घेऊ, वर सोलर किती लावू आणि सुताराला काय करायला सांगू? पहिला मुक्काम १० मेला, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. तारीख घरी सांगून झाली आहे, त्यामुळे आता माघार नाही.

तर्रीपोहे · १२ मार्च

मे महिन्यात? पेटीत? भाऊ, खारी भाजता भाजता आता सोताच भट्टीत जाऊन राहिले का? २३ मे २०१३ ले आपल्या गावात ४७.९ होतं, आठवते ना? २०२४ चे ते ५६ तर यंत्रच बिघडलेलं निघालं, पण ज्यानं ते वाचलं त्याले पटलं होतं बरं, हे महत्त्वाचं.

वहिनींले ताडोब्याचं रिसॉर्ट दाखवा. पंचविसावा आहे म्हणता.

मुठेकाठचा · १३ मार्च

अभिनंदन! मी जुन्या ओम्नीत असंच केलं होतं, त्यामुळे अनुभवाने सांगतो. १८ मिमी मरीन प्लाय घ्या. एका बाजूला घडीचा पलंग, त्याखाली कप्पे, डोक्यावर दोन्ही बाजूंनी कपाटं, मागच्या दाराशी ओटा आणि सिंक. पाच शीटमध्ये आरामात बसेल. भिंतींना आतून मॅग्नेटने इन्सुलेशनचे तुकडे चिकटवा, म्हणजे काढता-घालता येतील. काम सुबक झालं की गाडीत बसल्यासारखं वाटत नाही.

कागदोपत्री · १३ मार्च

सुताराला बोलावण्याआधी जरा थांबा.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकातल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. पेटीला खिडकी कापणं, मागे सीट ठोकणं, छतावर एसी बसवायला भोक पाडणं यांपैकी काहीही केलंत तर आरटीओत उत्तर द्यावं लागेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनीलाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा नोंदणीचा वेगळा वर्ग आहे, पण तुमची गाडी त्यात गेली की सोमवारी खारी कशातून नेणार?

तुमची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी असणार, म्हणजे धंद्याची गाडी. माल वाहायच्या परमिटची भानगड नाही, बॅटरीवरच्या वाहतूक गाड्यांना २०१८ पासून त्यातून सूट आहे. पण चालत्या गाडीत मागे माणूस बसवायचा नाही. वहिनी पुढे केबिनमध्ये तुमच्या शेजारी. पाहुणे असले तर त्यांनी बसने यावं.

आत जे ठेवाल ते सामान म्हणून ठेवा, खिळा न मारता, बांधून. हातांनी उतरवता आलं पाहिजे.

खारीवाला · १५ मार्च

कागदोपत्री काका, डोळे उघडले. मुठेकाठचा, राग मानू नका, पण तुमचा सल्ला ऐकून प्लायच्या दुकानात जाऊन आलो. आठ बाय चारचं १८ मिमी शीट दोघांनी उचललं आणि तिथेच काट्यावर ठेवलं, ३७ किलो. पाच शीट म्हणजे १८५, वर बिजागऱ्या, सिंक, पाण्याची टाकी. आणि हे सगळं दर सोमवारी पहाटे साडेतीनला खाली कोण उतरवणार? माझा हेल्पर ऐकूनच गावी जायचं म्हणू लागला.

मॅग्नेट घरीच लावून पाहिला, चिकटत नाही. पेटी लोखंडाची नाहीच, कंपोझिटची आहे. दीड वर्षात मला हे माहीत नव्हतं!

मुठेकाठचा · १५ मार्च

ओम्नी पत्र्याची होती. मान्य.

वायरमन४९ · १६ मार्च

एसीचं मी सांगतो. बारा व्होल्टवर चालणारा लहानात लहान एसीसुद्धा चालू असताना ५००-६०० वॅट ओढतो. वेगळी शंभर अँपिअर-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घ्याल, तिच्यात सगळे मिळून १.२८ युनिट, म्हणजे किलोवॅट-अवर. दोन-सव्वादोन तासांत एसी गप्प. रात्रीचे साडेअकरा आणि पुढे सगळी रात्र.

मग माणसाच्या मनात येतं, की खाली २१ युनिटांची बॅटरी पडलीच आहे, तिच्यातूनच घेऊ. घेऊ नका. ती नारिंगी वायर दिसते ना, ती उच्च दाबाची आहे. तिथे गावठी जोड मारला तर वॉरंटी जाते ही किरकोळ गोष्ट, जीव जातो. पुढची बारा व्होल्टची छोटी बॅटरी पण गाडीच्या कामाची आहे, तिच्यावर कूलर-पंखे टांगू नका.

सोलर हवंय कशाला? ६५ डिग्री तापलेलं पॅनल चौदा-पंधरा टक्के कमी देतं, वर बावीस किलो वजन, वर कागदोपत्री काकांचं कलम ५२. वेगळी बॅटरी एका प्लास्टिकच्या पेटीत बसवा, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि आठवडाभर दुकानातच चार्ज करा. शनिवारी उचलून गाडीत ठेवा. तेरा-चौदा किलोचं काम आहे.

मास्तरीण · १६ मार्च

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. एसीबद्दल बोलणं चाललंय, पण नागपुरात राहून कूलर कुणालाच कसा आठवला नाही?

मेमध्ये आपल्याकडे ४५ डिग्रीला दुपारी आर्द्रता पंधरा टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेचं ओलं तापमान, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक जे दाखवील ते, २४ च्या जवळ येतं. कूलरची चांगली ओली ताटी ४५ आणि २४ मधल्या फरकातला ऐंशी टक्के भाग भरून काढते. म्हणजे ४५ ची हवा आत येताना २८-२९ ची होऊन येते. एक लिटर पाणी उडून जाताना पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जातं. तासाला तीन लिटर पाणी म्हणजे दोन किलोवॅटचा गारवा, आणि तुमच्या बॅटरीतून जातात पंखा आणि पंप मिळून पंचेचाळीस वॅट. रात्रभर, नऊ तास धरले तरी ०.४ युनिट. रात्री हवा तशीही उतरलेली असते, तेव्हा पाणी तीन लिटरसुद्धा लागणार नाही.

दमट हवेत मुंबईकर हे करू शकत नाहीत. पुणेकर थोडंफार. आपण करू शकतो.

दुसरी गोष्ट, आणि ही गंमत नाही. तुमची पेटी सहा घनमीटरांच्या आत आहे. दोन झोपलेली माणसं तासाला पंचवीसेक लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. दार लावून झोपलात तर दर तासाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढत जाईल. डोकं दुखेल, मळमळेल, झोप कसली लागते. गाडीला धूर नाही म्हणून हवा बंद केली तरी चालते, असं समजू नका.

तर्रीपोहे · १६ मार्च

मॅडम, तुमच्या वर्गात मी असतो तर बारावीत पास झालो असतो जी.

खारीवाली · १८ मार्च

मी खास यासाठी खातं उघडलं आहे. यांनी तुम्हाला दोन गोष्टी सांगितल्या नाहीत.

एक, त्या पेटीचं दार बाहेरून बंद होतं, आतून उघडतच नाही. आपण आत झोपलो आणि कुणी येता-जाता कडी लावली तर? मी तरी अशा पेटीत झोपणार नाही, वाढदिवस पंचविसावा असो की पन्नासावा.

दोन, मुंग्या. दीड वर्षाचा खारीचा चुरा त्या फटींमध्ये आहे. गादी टाकली की पहिला मुक्काम मुंग्यांचा.

शेवंता · १८ मार्च

खारीवाली ताई, या धाग्यावर पहिल्यांदा कुणी शहाण्यासारखं बोललं! मी विचारणारच होते, बाथरूमचं काय? आम्ही मुलांना घेऊन तंबूत राहतो, त्यात एकच नियम पाळतो: जिथे स्वच्छतागृह आहे तिथेच मुक्काम. गाडीत कमोड वगैरे ठेवायचा नाही, तो धुवायचा प्रश्न घरी येतो.

स्वयंपाकही पेटीत नको. गॅस तर मुळीच नको. डब्यात पाटवडीचा रस्सा आणि भाकरी घ्या. चहापुरतं इंडक्शन, तेही जिथे प्लग मिळेल तिथे.

खारीवाला · ६ एप्रिल

तीन आठवडे गप्प होतो, कारण काम चालू होतं. दाराचा प्रश्न आणि कूलरचा प्रश्न एकाच वस्तूने सुटला. त्याचं श्रेय हिला, मी फक्त हमाली केली.

मागची दोन्ही दारं पूर्ण उघडायची, बाजूला नेऊन साखळीने बांधायची, साखळीला कुलूप आणि किल्ली आत आपल्याजवळ. म्हणजे कुणी दार लावूच शकत नाही. त्या उघड्या जागेत ॲल्युमिनियमची चौकट आतून बसवायची, माल बांधायच्या ज्या कड्या आहेत त्यांनाच आवळून. एकही भोक पाडलं नाही. चौकटीच्या खालच्या डाव्या भागात वाळ्याची ताटी आणि तिच्यामागे बारा इंची पंखा. वरचा सगळा भाग मच्छरदाणीच्या जाळीचा. गार वारा गादीवरून पुढच्या भिंतीपर्यंत जातो, तिथून वर वळतो आणि गरम होऊन जाळीतून बाहेर पडतो. मास्तरीणबाईंच्या कार्बन डायऑक्साइडलाही हाच रस्ता. चौकट दोन तुकड्यांत आहे, मिळून चौदा किलो, आणि आतून दोन खिट्या फिरवल्या की निघते.

वाळा सीताबर्डीवरून आणला. पंप ठेवलेल्या टबात वीस लिटरचा एक कॅन ओतायचा, दुसरा कॅन जवळ.

पलंग? आमचेच क्रेट. दहा उलटे क्रेट, त्यावर १२ मिमी प्लायचे दोन तुकडे, त्यावर ७२ बाय ४८ इंचाची गादी. बाजूला दहा इंच उरतात, तिथे चपला, पाण्याचा कॅन आणि बॅटरीची पेटी. कपडे क्रेटच्या आत. सगळा संसार घेऊन धर्मकाट्यावर गेलो: आमच्या दोघांशिवाय ११६ किलो. शनिवारच्या खारीच्या फेरीपेक्षा कमी.

मुंग्यांसाठी आधी प्रेशरने पाणी मारलं, मग दोन दिवस ऊन दाखवलं.

खारीवाली · ६ एप्रिल

हमालीत एक राहिलं. पहिल्या चाचणीला गाडी अंगणात उतारावर होती. टब कलता, पाणी ताटीतून सरळ गादीवर. रात्री दोन वाजता घरात जाऊन झोपलो. आता टबाखाली लाकडाची पाचर असते आणि गादीला पायाकडून प्लास्टिक.

मुठेकाठचा · ७ एप्रिल

क्रेट हे मान्य. पण चौकटीला लाकूड वापरलं असतं तर किती छान दिसली असती.

वायरमन४९ · ७ एप्रिल

आणि पंधरा दिवसांत फुगली असती. भाऊ, कूलर आहे तो.

खारीवाला, पंपाची वायर टबाच्या वरून आणा आणि मध्ये झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, बॅटरीच्या पेटीत जाणार नाही. बॅटरीची पेटी जमिनीवर नको, एका क्रेटवर ठेवा.

खारीवाला · १२ मे

तर मंडळी, जाऊन आलो.

शनिवारी दुपारी साडेतीनला महालातून निघालो. कामठी, कन्हान, मनसर, मग रामटेककडे वळून खिंडसी. पंचावन्न किलोमीटर, बॅटरी शंभरावरून त्रेपन्नावर. हायवेला ट्रक घोंगावत जातात तेव्हा आपण पन्नासच्या वर जाऊ नये, पेटीला वारा फार धरतो. मी एकदा साठ-पासष्टने चालवून पाहिलं, टक्का डोळ्यांदेखत उतरतो.

जागा ओळखीच्या माणसाची, बागेतली, स्वच्छतागृहासकट. (शेवंताताई, नियम पाळला.) पोचलो तेव्हा पेटीत ४४ डिग्री. आम्ही तापमापक नेला होता, कारण मास्तरीणबाई विचारणार हे ठाऊक होतं. चिंचेच्या सावलीत गाडी लावली, तरी पश्चिमेचं ऊन येत होतं म्हणून कॉटन मार्केटमधून आणलेली शेतातली हिरवी शेडनेट झाडाला आणि गाडीला ताणून बांधली, छतापासून हातभर वर. या जाळीने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही इन्सुलेशनने केलं नसतं, असं माझं मत झालं आहे. इन्सुलेशन लावलेलंच नाही.

सहाला कूलर चालू. सातला ३४, नऊला २९. जेवून पडलो. साडेबाराला हिने चादर मागितली, तेव्हा तापमापक पाहिला, २४. पहाटे मी पंप बंद केला, नुसता पंखा ठेवला. पाणी एकूण अठरा लिटर गेलं. बॅटरीत सकाळी साठ टक्के शिल्लक.

पाच वाजता जाग आली, सवयीने. भट्टी नव्हती. खिंडसीच्या तळ्यावर जाऊन बसलो. मागे रामटेकचा गड. सोबतच्या खारीचा चुरा करून मुंग्यांना टाकला, मुद्दाम, गाडीपासून लांब.

परतीची भानगड आता. ४७ टक्के खर्चून आलो होतो, म्हणजे परत जाता येईल पण घामाघूम होऊन. म्हणून रामटेकला साळ्याच्या घरी थांबलो, १६ अँपिअरचा पॉइंट आहे, तीन-चार तास लावू म्हटलं. चार्जर लावला की लाल दिवा. घरातलं फ्रिज, पंखे सगळं व्यवस्थित, फक्त गाडी घ्यायला तयार नाही. साळा म्हणतो, तुमची गाडीच खराब. मी वायरमन४९ ला मेसेज केला.

वायरमन४९ · १२ मे

हे सगळ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण उन्हाळ्यात खेड्यापाड्यात हमखास होणार.

गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो. ते ठीक नसेल तर वीज घेतच नाही. फ्रिज-पंखे तपासत नाहीत म्हणून ते चालतात. मे महिन्यात आपली काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीशी संपर्क तुटल्यासारखा होतो. त्यांना खड्डा शोधायला लावला. तो तुळशीमागे विटांखाली गाडला गेला होता! दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासाने दिवा हिरवा.

हा तात्पुरता इलाज झाला. खड्डा नीट करून घ्यायला सांगितलं आहे. पण कुणी "न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाका, लगेच चालू होते" असं सांगेल. असा जोड असताना न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर करंट येतो. त्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा.

तर्रीपोहे · १३ मे

म्हणजे गाडीले कूलर लागते अन् अर्थिंगले पण पाणी लागते. नागपुरात मे महिन्यात सगळ्यायलेच पाणी पाजा लागते.

वहिनी, खरं सांगा, कसं वाटलं?

खारीवाली · १३ मे

पाठ थोडी दुखली, प्लायच्या जोडावर झोपले होते. पुढच्या वेळी मी डावीकडे. उमरेडला जायचं ठरलं आहे.

मास्तरीण · २४ जून

पाऊस आला. कूलरचं काय झालं ते लिहा, मला अंदाज आहे पण ऐकायचं आहे.

खारीवाला · २५ जून

अंदाज बरोबर, दमट हवेत कूलर गारवा देत नाही. परवा अंगणातच झोपून पाहिलं. बाहेर २९, आत ओली ताटी लावून २८ आणि गादी चिकट. पंप काढून ठेवला, ताटी वाळवून माळ्यावर. त्या जागी नुसती जाळी बसवली आणि पंखा उलटा फिरवला, बाहेर फेकणारा. बरं वाटतं, पण मेची मजा नाही. दिवाळीपर्यंत दारावर ताडपत्रीची पुढे आलेली पडवी लागेल, नाहीतर पाऊस थेट गादीवर.

शेवंता · २५ जून

चौकटीचं माप टाका ना. आमच्या दिरांचीही अशीच गाडी आहे, ते भाजीचा व्यवसाय करतात.

खारीवाला · २५ जून

आज रात्री मोजून टाकतो. प्रत्येक पेटीचं तोंड थोडं वेगळं असू शकतं, आधी त्यांची मोजा, दोन्ही बाजूंनी अर्धा इंच सैल ठेवा आणि फटीत रबराची पट्टी घाला. आणि क्रेट जास्तीचे घ्यायला सांगा. आम्ही घेतले नव्हते, सोमवारी पहाटे पलंग मोडून टोस्ट भरावे लागले.